दीपमाळ वाकली ती गोष्ट

फार वर्षांपूर्वी, कासारखिंडीतली दीपमाळ अजून सरळ उभी होती, तेव्हाची ही गोष्ट.

गावात धोंडाक्का होती. अंग चोळावं तर तिनंच. बाळंतिणी, नांगर धरून आखडलेले गडी, झाडावरून पडलेली पोरं, सगळी तिच्याकडे यायची. तिचा अंगठा पाठीत रुतला की माणूस आधी ओरडायचा आणि मग उठून चालायला लागायचा. "ओरडलं म्हणजे दुखणं निघालं," असं ती म्हणायची, आणि गावही म्हणायचं. नुसतं तेल कालवता कालवता तिच्या अंगठ्यानं दगडी पाट्याला खळगा पडला होता, असं म्हणतात.

एका साली म्हाळसा लग्न होऊन या गावात आली. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग एका सकाळी तिनं वेणी घालायला हात वर केले, ते कानापर्यंतच गेले. पुढे बसली की उठवेना, उठली तर पायरी चढवेना. दंड आणि मांड्या आतून पेटल्यासारख्या दुखायच्या आणि वरून काहीच दिसायचं नाही. न दिसणारं दुखणं घेऊन सासरी नांदणं फार अवघड.

"माहेरची वाट असली की बरे चालतात पाय," सासू गोदाबाई म्हणायची. "जातं दिसलं की हात गळतात आमच्या राणीसरकारांचे."

म्हाळसा ऐकून घ्यायची. तिला खरी धास्ती होती ती देवीच्या जत्रेची. दीपमाळेला दिवे ठेवायला दगडी हात असतात. गावची रीत अशी, की नव्या सुनेनं पेटता दिवा दोन्ही हातांनी उचलून डोक्यावरच्या दगडी हातावर ठेवायचा. ठेवला की ती घरची. नाही ठेवता आला तर देवीनं नाकारली म्हणायचं आणि ओटी भरून माहेरी धाडायचं.

गोदाबाईनं धोंडाक्काला बोलावलं. "आक्का, चांगली रगडून काढ हिला. आळस मुरलाय अंगात."

धोंडाक्कानं रगडलं. म्हाळसा ओरडली. आक्काला वाटलं, निघतंय. तिनं आणखी जोर लावला.

दुसऱ्या दिवशी म्हाळसाला कूस बदलता येईना. पाण्याचा घोटसुद्धा घशात अडकायचा. धोंडाक्का बघायला आली आणि कधी नव्हे ते तिनं हात उपडा करून पोरीच्या दंडावर टेकवला. दंड तव्यासारखा तापला होता.

"कालही असाच होता का गं?"

"होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"ओरडले की, आक्का."

धोंडाक्का उठून गेली. त्यानंतर कितीतरी दिवस तिनं कुणाच्या अंगाला हात लावला नाही. नदीच्या डोहाकाठी बसायची आणि पाण्यावर तळवा ठेवायची. तरंग उठला की हात काढायचा, पुन्हा ठेवायचा. गाव हसलं. "म्हातारी पाणी रगडून लोणी काढतेय!" पण एक दिवस तिच्या तळव्याखाली मासा येऊन निजला, असं म्हणतात. त्या दिवशी तिनं तिळाचं तेल कोमट केलं आणि ती म्हाळसाकडे गेली.

आता ती आधी उपडा हात टेकवायची आणि विचारायची, "आज कसं आहे?" अंग तापलेलं असलं तर म्हाळसा म्हणायची, "आज नाही." मग आक्का तेलाची वाटी बाजूला सारून नुसती हात धरून बसायची. अंग निवलेलं असलं तर पीस फिरवावं तसा तेलाचा हात फिरवायची, सांधे हळूच हलवून द्यायची. गावच्या वैद्याचा काढाही चालू होता. दुखणं गेलं नाही. जाईल असं आक्कानं कबूलही केलं नव्हतं. पण म्हाळसाला झोप लागू लागली आणि भिंत धरून ती अंगणापर्यंत येऊ लागली.

जत्रा आली, आणि नेमकं त्याच दिवशी अंग तापलं.

दिवेलागणीला सारं गाव दीपमाळेपाशी उभं. म्हाळसाला आक्कानं धरून आणलं होतं. गोदाबाई कुजबुजली, "आक्का, आज तरी जोर लाव. घराची अब्रू आहे."

आक्कानं उपडा हात टेकवला. "आज कसं आहे?"

म्हाळसानं दिव्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. बरं आहे म्हणणं सोपं होतं.

"आज नाही," ती म्हणाली.

ढोल थांबला. आक्कानं वाटी खाली ठेवली आणि पाण्यावर ठेवायची तसे दोन्ही तळवे म्हाळसाच्या कोपरांखाली धरले. "मी उचलणार नाही, पोरी. मी नुसती खाली आहे."

म्हाळसानं दिवा उचलला. तो छातीशी आला, खांद्याशी आला आणि तिथंच थांबला. म्हाळसाचे हात खाली मात्र आले नाहीत. तेव्हा दगड कण्हल्याचा आवाज झाला आणि दीपमाळ वाकली, असं म्हणतात. वरचा दगडी हात तिच्या खांद्याशी आला. म्हाळसानं दिवा ठेवला.

गोदाबाईनं पहिल्यांदाच सुनेच्या दंडाला हात लावला. चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग पुन्हा टेकवला.

म्हाळसा त्याच घरात म्हातारी झाली, आणि तिचं दुखणंही तिच्या सोबतीनं म्हातारं झालं.

दीपमाळ अजून वाकलेलीच आहे. शहाणी माणसं सांगतात, पाया खचलाय. गाव मान डोलावतं आणि आपलं खरं तेच धरून बसतं. कासारखिंडीत आजही कुणाचं अंग चोळायचं तर आधी उपडा हात टेकवतात. जत्रेच्या संध्याकाळी धोंडाक्काचं नाव घेऊन सासू नव्या सुनेच्या दंडावर तसाच हात ठेवते आणि सगळ्यांदेखत विचारते, "आज कसं आहे?" उत्तर येईपर्यंत ढोल वाजत नाही. "आज नाही" असं उत्तर आलं, तर सासूनं सुनेच्या कोपरांखाली तळवे धरायचे, अशी रीत आहे.

वर्षाच्या बाकी दिवशी कोणत्या घरात काय विचारतात, ते ज्या त्या घराला ठाऊक. पण त्या संध्याकाळी एखादी धडधाकट सूनही "आज नाही" म्हणते, आणि सासूचे तळवे कोपरांखाली येईपर्यंत दिवा धरून उभी राहते.