महाराज खिंडीवर आले तेव्हा

मुलांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका रानावर सिंहाचं राज्य होतं. डोंगरापलीकडे रानकुत्र्यांच्या टोळ्या होत्या. त्यांना या रानात उतरायला एकच वाट होती, एक अरुंद खिंड, आणि तिच्यावर पाच वानर पहारा करत. रानकुत्रं दिसलं की वानरांनी इशाऱ्याचा खेकारा करायचा, वरून धोंडे लोटायचे आणि तेवढ्यात खालच्या हरणांनी आपली पाडसं घेऊन पळायचं, अशी रीत होती. या वानरांच्या म्होरक्याला सगळे नाईक म्हणत. तो म्हातारा होता, एका डोळ्याने अधू होता, पण त्याच्या पहाऱ्यात आजवर एकही पाडस गेलं नव्हतं. याचा त्याला अभिमान होता, आणि का नसावा?

त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात खिंडीतल्या झऱ्यावर दरड कोसळली. भला थोरला धोंडा झऱ्याच्या तोंडावर असा काही बसला की पाणीच बंद झालं. पाचही वानरांनी जोर लावून पाहिला, पण धोंडा तसूभरही हलेना. ते काम हत्तींचंच होतं. त्यातच रानकुत्र्यांशी झालेल्या झटापटीत भुऱ्या नावाच्या वानराच्या कमरेला खोल जखम झाली. भुऱ्या आणि नाईक एकाच झाडावर लहानाचे मोठे झालेले. आता भुऱ्या गुहेच्या तोंडाशी तापाने फणफणत पडून होता आणि सारखं पाणी मागत होता. खाली जाणारी वाट इतकी लांब आणि खडकाळ की अशा जखमेने त्याला नेणं शक्य नव्हतं. खालच्या रानातली माकडं मात्र मोठ्या मनाची. ती रोज सकाळी दोन सुके भोपळे पाण्याने भरून कडा चढून येत, आणि तेवढ्यावर पाच जणांचं कसंबसं भागे.

नाईकाने दरबारात तीनदा निरोप धाडला, "दोन हत्ती पाठवा. भुऱ्याला पाण्यावाचून ठेवता येत नाही." तिन्ही वेळा काही उत्तर आलं नाही. मग एके दिवशी दरबारचा कारभारी कोल्हा स्वतः धापा टाकत वर आला. त्याच्याबरोबर हत्ती नव्हते, पण बातमी होती.

"नाईक, नशीब काढलंत," कोल्हा म्हणाला. "परवा खुद्द महाराज खिंडीवर येताहेत, तुम्हां शूरांची विचारपूस करायला."

"आणि हत्ती?" नाईकाने विचारलं.

"अहो, हत्तींशिवाय महाराजांची स्वारी निघते का कधी? चांगले चार येतील."

नाईकाचा जीव भांड्यात पडला. पण कोल्ह्याची नजर एव्हाना भुऱ्यावर गेली होती. त्याने नाक मुरडलं. "महाराजांना जखमी वीराला भेटायचंच आहे, पण हा असा नको. माश्या बघा किती घोंगावताहेत. याला मागच्या गुहेत हलवा. मी दरबारातून एक धडधाकट वानर आणतो, तो पायाला पाला बांधून बसेल. आणि हो, झरा कोरडा दिसता कामा नये. झऱ्याखालच्या कुंडात पाणी ओता म्हणजे झालं."

आता नाईकाने तिथल्या तिथे नकार द्यायचा होता की नाही? द्यायचाच होता. पण पहारेकऱ्यांची एक जुनी खोड असते, मुलांनो. वरचा कोणी बघायला आला की त्याला सगळं कसं चोख दिसलं पाहिजे. उणं दिसलं तर आपल्या पहाऱ्याला बट्टा लागतो, असं त्यांना वाटतं. या नाईकाचे केस त्याच शिस्तीत पिकले होते. त्याने मनाशी म्हटलं, एकदा महाराज खूश झाले की बाजूला घेऊन धोंड्याचं सांगू. त्याने भुऱ्याला उचलून मागच्या गुहेत नेलं.

"मला मागे का नेतोस?" भुऱ्याने विचारलं.

"इथे जरा गारवा आहे," नाईक म्हणाला.

"महाराजांना झऱ्याचं सांगशील ना?"

"सांगतो रे. त्यासाठीच तर सगळं चाललंय."

तिसऱ्या दिवशी सकाळी माकडांनी आणलेले दोन्ही भोपळे नाईकाने आपल्या हाताने कुंडात ओतले. भुऱ्याला त्याने घोटभर पाणी दिलं आणि थोडा वेळ धीर धरायला सांगितलं.

महाराज आले. पुढे चार हत्ती, त्यांच्या गळ्यात पळसफुलांच्या माळा. फांदीवर पोपटांचा थवा येऊन बसला. पोपटांचं काम म्हणजे इथे पाहिलेलं रानभर सांगत सुटायचं. महाराजांनी पाला बांधलेल्या वानराला पोटाशी धरलं. "तुझी जखम ती माझी जखम," ते म्हणाले. कोल्हा हळूच पुटपुटला, "महाराज, तोंड जरा इकडे करा. पोपटांना दिसत नाही." महाराजांनी तोंड फिरवलं आणि पुन्हा एकदा त्याला पोटाशी धरलं. त्या वानराला धड खरचटलंसुद्धा नव्हतं.

मग महाराज कुंडाकडे गेले. एवढी चढण चढून त्यांनाही तहान लागली होती. ते मन भरून पाणी प्याले आणि कुंडाचा तळ दिसू लागला. "किती गोड पाणी आहे तुमच्याकडे," ते म्हणाले. नाईकाने एकदा त्या तळाकडे पाहिलं, पण तो ताठ उभा राहिला. शेवटी महाराजांनी पोपटांकडे पाहत मोठ्या आवाजात विचारलं, "नाईक, तुम्हांला इथे काही उणं आहे का?"

रानातले सगळे कान जणू खिंडीकडे लागले होते. धोंडा समोर होता, हत्ती समोर होते, बोलायची वेळ हीच होती. पण जन्मभर ओठांवर बसलेलं वाक्य आपसूक बाहेर पडलं, "महाराजांच्या कृपेने काही उणं नाही."

पोपटांनी जयजयकार केला आणि महाराज वळले. नाईक चार पावलं मागे धावला. "महाराज, एक विनंती होती..." पण कोल्हा आडवा आला. "नंतर बघू, नंतर. महाराज दमलेत." हत्ती माळा झुलवत उतार उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी माकडं पाणी घेऊन आली नाहीत. नाईकाने दिवसभर वाट पाहिली. तिसऱ्या दिवशीही ती आली नाहीत, तेव्हा त्याने एका वानराला भोपळा देऊन खाली पिटाळलं. नदीवर जाऊन यायला सबंध दिवस जायचा. भुऱ्याची जीभ सुजली होती, ओठांना भेगा पडल्या होत्या.

"हत्ती आले का रे?" त्याने विचारलं.

नाईक आपल्या माणसांशी असं धडधडीत खोटं कधी बोलला नव्हता. "निघालेत," तो म्हणाला. "पोचतीलच आता."

भुऱ्याने जमिनीला कान लावला. हत्ती चालू लागले की जमीन बोलते, हे त्याला ठाऊक होतं. तसाच कान लावून तो दुपारी गेला. संध्याकाळी खालून वानर परतला, तो भरलेला भोपळा आणि माकडांचा निरोप घेऊन. माकडं म्हणाली होती, "पोपट सांगून गेले, तुमचा झरा वाहतोय, खुद्द महाराज त्याचं पाणी प्याले. मग आम्ही कडा कशाला चढायचा? आमची थट्टा करता होय?"

नाईक रडला नाही. त्याने भुऱ्यावर दगड रचले आणि उजाडताच आयुष्यात पहिल्यांदा खिंड सोडून खाली उतरला. दरबारात पोपट त्या भेटीची हकिकत रंगवून सांगत होते आणि महाराज डोळे मिटून ऐकत होते. नाईक थेट पुढे गेला.

"महाराज, ज्याला तुम्ही पोटाशी धरलंत तो इथलाच आहे, तिकडे करवंदं खातोय. खरा जखमी मागच्या गुहेत होता. जे पाणी तुम्ही प्यालात ते त्याच्या वाटणीचं होतं. तो काल मेला."

कोल्हा काहीतरी बोलू लागला, पण सिंहाने त्याला गप्प केलं. "नाईक," तो म्हणाला, "मी तुम्हांला सगळ्यांसमोर विचारलं होतं. तेव्हा का बोलला नाहीत?"

"विचारलंत खरं, महाराज. पण तुम्ही पोपटांकडे बघून विचारलंत, आणि मीही पोपटांसाठीच उत्तर दिलं. तुमची चूक तुम्ही बघा. माझी मी भुऱ्याच्या दगडांपाशी बसून कबूल करून आलोय."

सिंहाची मान खाली गेली. मग त्याने त्याच घटकेला दोन हत्ती नाईकाबरोबर धाडले. ना माळा, ना पोपट. हत्ती खिंडीत पोचले, दोघांनी मिळून एकदा डोकं लावलं आणि धोंडा गडगडत बाजूला गेला. एवढंसंच काम होतं ते. पाणी उसळून कुंडात आलं आणि बाकीचे तिन्ही वानर त्यावर तुटून पडले. नाईकाने मात्र त्या दिवशी पाण्याला तोंड लावलं नाही. तो आपल्या जागी जाऊन बसला आणि पलीकडच्या उतारावर नजर ठेवून राहिला.

तात्पर्य : लढणाऱ्याला भेटायला जाणाऱ्याने बघ्यांना घरी ठेवावं आणि आधी त्याच्या जखमेपाशी जावं, आणि वरच्याला बरं दिसावं म्हणून जो आपल्यांचं दुखणं झाकतो, तो आपल्यांचाच घात करतो.