आबासाहेबांची मोटार

"या मोटारीत आमच्या आबासाहेबांनी प्राण सोडला," इनामदार सोपान मिस्त्रीवर गुरकावले. "एसी बसव, पण पत्र्याला एक जरी भोक पडलं, तर तुझ्या गॅरेजला कुलूप!"

भोकाशिवाय एसीचे पाइप जायचे कुठून? सोपान नम्रपणे म्हणाला, "आधी मागं बसून बघा, सरकार."

भर मे महिन्यात इनामदार मागच्या सीटवरून कुडकुडत उठले. "कोण आहे आत?"

"आबासाहेब. घरात माणूस गेलं, की आपण छपराचं कौल सरकवून त्याला वाट करून देतो. मोटारीला कौल कुठलं, सरकार?"

"मग पाड भोकं!" म्हणत इनामदार पळाले.

सोपाननं हसत सीटखाली लपवलेली बर्फाची लादी ओढून काढली. तरी सीट गारच होती, आणि डाव्या बाजूला कुणी बसल्यासारखी हळूच दबली.