चौदा महिन्यांत एकही लाल खूण नाही

“पण बाई, हेच यंत्र यादीतून काढायचं कशासाठी?”

ओजसने जरा तोऱ्यातच विचारलं. दमयंतीबाईंनी घडवलेल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची नवी आवृत्ती दुपारी चारला निघायची होती. सोबत एक यादी जायची होती: ही भाषा कोणकोणत्या यंत्रांवर हमखास चालेल, याची. यादीचं काम ओजसकडे होतं. मुलगा हुशार, आणि हे त्याला कोणी सांगावं लागत नसे.

बाईंचं बोट एकोणिसाव्या नावावर होतं.

“प्रोसेसर जुना आहे, मान्य. पण रोज सकाळी सगळ्या यंत्रांवर चाचण्या होतात. बाकीच्यांची चाचणी अधूनमधून फसते, लाल खूण येते. याला चौदा महिन्यांत एकही नाही.”

“एकही नाही...”

“एकही नाही, बाई.”

बाई उठल्या. फळीवर एकोणीस यंत्रं ओळीने मांडलेली होती, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. शेवटचं यंत्र उचलून त्यांनी ओजसच्या पुढ्यात ठेवलं.

“सुरू कर.”

ओजसने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. वायर काढून परत खोचली. दिवा लागेना.

बंद यंत्रावर चाचणी होत नाही, आणि न झालेल्या चाचणीला लाल खूणही येत नाही. हे आत्ता त्याच्या ध्यानात आलं.

“बाई... मागच्या महिन्यात एका मडावी साहेबांचा मेल आला होता. नदीकाठच्या नऊ गावांसाठी त्यांनी पुराचा इशारा देणारा भोंगा बसवलाय. आपल्याच भाषेत, याच प्रोसेसरवर. हे यंत्र यादीत आहे ना, एवढंच विचारलं होतं त्यांनी.”

“तू काय कळवलंस?”

“आहे, म्हणून.”

“आणि?”

“कालपासून तिकडे पाणी चढतंय.”

घड्याळात चाराला वीस मिनिटं कमी होती.

ओजसचा तोरा कुठल्या कुठे गेला होता.

“नाव ठेवलं तर आपण खोटं बोलतोय. काढलं तर त्या माणसांना वाऱ्यावर सोडतोय. मी काय करू, बाई?”

बाईंनी टेबलावरचा फोन त्याच्याकडे सरकवला.

“वाऱ्यावर सोडून चौदा महिने झाले, ओजस. त्यांना अजून कळलेलं नाही, एवढंच.”