उद्या पाळी कुणाची?

हे कुणाला सांगू नकोस, असं आईनं बजावलं होतं. कारण गोष्टीतले बापूसाहेब म्हणजे आमचेच पणजोबा.

तेव्हा गावात सावड होती. आज सगळ्यांनी मिळून एकाचं शेत कापायचं, उद्या दुसऱ्याचं. येणाऱ्यांना सावडकरी म्हणत. त्या दिवशी हौसाकाकू बापूसाहेबांच्या गव्हात विळा चालवत होती. तेवढ्यात बापूसाहेबांनी तालुक्याच्या पाहुण्याला ऐटीत सांगितलं, "हे सगळे माझे मजूर!"

हौसाकाकूला ते लागलं. आज गप्प बसलं, तर हेच नाव कायमचं चिकटणार. कंबर सरळ करत ती म्हणाली, "बापूसाहेब, उद्या तुमी माझ्या रानात कापणीला येणार. माझ्या म्हायेरचे पाव्हणे बी आल्यात. त्यास्नी तुमची वळख काय म्हणून करून देऊ?"

सगळं रान हसलं. बापूसाहेब खाकरले. "सावडकरी म्हण, बाई," ते पाहुण्याकडे न बघता म्हणाले, "आणि हेही सावडकरीच."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी ते तिच्या बांधावर हजर होते. आता कापणीला यंत्र येतं, सावड उरली नाही. बापूसाहेबांचा विळा मात्र आमच्या माळ्यावर आहे. त्यांच्या हाताला फोड आले, म्हणून हौसाकाकूनं मुठीला बांधलेली चिंधी अजून त्यावर... आले, आई, आले!