लॉर्डसाहेबांच्या वेळचं विमान

देवघोळच्या राजेसाहेबांना विमान हवं होतं, आणि तेही जुनंच हवं होतं. शेजारच्या संस्थानिकाने नवंकोरं घेतलं होतं. पण नवं काय, कोणीही घेतो, असं राजेसाहेबांचं म्हणणं. लंडनच्या एका दलालाने फोटो पाठवला. दोन माणसं जेमतेम मावतील एवढं विमान, लाकडाचा सांगाडा, वर ताणलेलं कापड, आणि म्हणे कुणा लॉर्डसाहेबांनी ते पंधरा वर्षांपूर्वी स्वतः उडवलेलं. राजेसाहेबांनी फोटोवरच सौदा केला. बैल घेताना अडाणी माणूससुद्धा त्याचे दात बघतो, पण राजेसाहेब शिकलेले होते.

मग खर्चाला तोंड फुटलं. विमानाच्या किमतीएवढं बोटीचं भाडं झालं. विमानाचं धड मुंबईला उतरलं, पंख कोलंबोची वारी करून मागून आले. पेट्यांवर जकात लाकडाची लावावी, कापडाची की यंत्राची, हे कारकुनाला ठरवता येईना. तोवर गोदामाचं भाडं रोज चढत राहिलं, आणि शेवटी त्याने तिन्ही लावल्या. पेट्या देवघोळला उघडल्या तेव्हा आत वाळवी सुखाने नांदत होती.

उडवण्याचं सर्टिफिकेट द्यायला मुंबईहून इन्स्पेक्टर आला. त्याने पंखाच्या लाकडात बोट खुपसलं, ते आरपार गेलं. "लाकूड सगळं बदला, नाहीतर उडणं विसरा," एवढं सांगून आणि भत्ता घेऊन तो निघून गेला.

राजेसाहेबांनी संस्थानच्या सुताराला, बाळोबाला, बोलावलं. "दसऱ्याला रेसिडेंटसाहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर विमान उडालं पाहिजे. पण लॉर्डसाहेबांच्या वेळचा एक खिळासुद्धा बदलायचा नाही. मी पैसे जुनेपणाचे मोजलेत. बदललास, तर तुझं वतन खालसा. लेकीला घे आणि हद्दीबाहेर चालता हो."

बाळोबा घरी येऊन भिंतीला टेकला. "बदललं तर सरकार हाकलत्यात, न्हाई बदललं तर विमान उडत न्हाई. येसू, बांधाबांध करायला घे."

येसू ही त्याची एकुलती एक लेक, बापाच्या हाताखाली रंधा मारून तयार झालेली. ती म्हणाली, "बांधाबांध मागनं करू. लॉर्डाच्या वेळचं त्यात काय काय हाय, ते आदी बगू तरी."

विमान उडवायला मुंबईहून कावसजी नावाचा पायलट पगार देऊन आणला होता. दोन महिने तो पेट्यांवर बसून सिगारेटी ओढत होता. विमानाबरोबर एक जाडजूड वही आली होती, ती राजवाड्यात कोणी उघडलीही नव्हती. येसूने ती कावसजीपुढे ठेवली.

"ही विमानाची वही," तो म्हणाला. "काय मोडलं, काय बदललं, ते तारखेवार लिहावंच लागतं. तिकडे कायदाच आहे तसा."

"मग वाचा की. तुमाला तरी दुसरं काय काम हाय?"

कावसजी वाचत गेला आणि वाचता वाचता हसू लागला. दुसऱ्या दिवशी सुतारखान्याला पडदे लागले. लाकडाच्या बिलावर दिवाणसाहेबांनी न वाचताच सही केली. विमानाच्या सगळ्याच कागदांवर ते तशी करत. इन्स्पेक्टर पुन्हा आला, त्याने ठोकून पाहिलं आणि सर्टिफिकेट दिलं.

दसऱ्याला कावसजीने गावावरून तीन घिरट्या घातल्या आणि विमान अलगद उतरवलं. रेसिडेंटसाहेब म्हणाले, "अगदी नव्यासारखं आहे!"

राजेसाहेब चपापले. त्यांनी जवळ जाऊन वास घेतला. ताज्या लाकडाचा वास लपत नाही.

"बाळोबा, हे पंख नवे आहेत."

येसूच पुढे झाली. "व्हय सरकार, नवे हायती."

"आणि धड?"

"त्ये बी."

"लॉर्डसाहेबांच्या वेळचं काही बदलायचं नाही, हे मी बजावलं होतं!"

"न्हाई बदललं, सरकार. वही ऐका."

कावसजीने सगळ्यांसमोर वही वाचली. पंख लॉर्डसाहेबांनी स्वतःच झाडावर घालून मोडले आणि विमान तसंच विकलं, ते पुढच्या मालकाने बदलले. धड कुजलं, बदललं. इंजिन तीनदा बदललं, आताचं तर भलत्याच विमानातलं. चाकं, शेपूट, नाकावरचा पंखा, सगळं लॉर्डसाहेबांच्या नंतर बदललेलं.

"खुर्चीसुद्धा?" राजेसाहेबांनी विचारलं.

"दोनदा," कावसजी म्हणाला. "एकदा लॉर्डसाहेब अंगाने वाढले म्हणून, एकदा पुढचा मालक हडकुळा निघाला म्हणून."

"मग त्यांच्या वेळचं राहिलं तरी काय?"

येसूने विमानाच्या नाकाजवळ बोट दाखवलं. तिथे नंबराची तळहाताएवढी पितळी पाटी होती, काळवंडलेली. "ही येवढी. हिला हात लावला न्हाई. चिंचेनं घासली सुदिक न्हाई."

"म्हणजे एवढा पैसा ओतून मी विलायतेहून आणलं ते..."

"पाटी, सरकार. विमान माज्या बानं केलं."

दिवाणसाहेब आपल्या जोड्यांकडे बघू लागले. राजेसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला, पण हट्ट सुटेना. "त्या दलालाकडे आणखी एक विमान आहे. याहून जुनं. ते मी घेणार!"

"घ्या की सरकार," येसू म्हणाली. "फकस्त या बारीला पाटी तेवढी टपालानं मागवा."

राजेसाहेब असे हसले, की फेटा कानावर आला. हातातलं सोन्याचं कडं त्यांनी येसूला दिलं आणि बाळोबाचं वतन वंशपरंपरा लिहून दिलं. दलालाचं पत्र यापुढे येसूसमोर वाचल्याशिवाय त्याला उत्तर धाडायचं नाही, असा हुकूमही त्यांनी दिवाणसाहेबांना तिथेच उतरवून घ्यायला लावला.