दाराचं माप

जांभळाच्या ढोलीत मधमाश्या नांदत होत्या, तेव्हाची गोष्ट. त्यांच्या मेणाच्या दारावर म्हातारी गोदाक्का राखण करी. वास घेतल्याशिवाय ती सख्ख्या बहिणीलाही आत सोडत नसे.

एकदा गांधीलमाशी आली. "गोदाक्का, केवढंसं हे दार! पोरी ओझं घेऊन बाहेर ताटकळतात, मला बघवत नाही. जरा मोठं करा की."

पोरी लगेच मेण कुरतडायला धावल्या. गोदाक्काच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. हिला आमचा एवढा पुळका कशाला? तरी ती गोडीत म्हणाली, "खरंच गं बाई. किती मोठं करू, तूच दाखव."

गांधीलमाशीने दाराला खांदे लावून बघितले. "दोन्हीकडून एवढं वाढवलं की झालं!"

ती उडून गेल्यावर गोदाक्का पोरींकडे वळली. "पाहिलंत ना, माप कुणाच्या खांद्यांचं घेतलं? आणा मेण, अजून थोडं बुजवू."