घुमटाच्या माथ्यावरचा दगड

एका राज्यात, जिथे डोंगर बोलत आणि राजे ऐकत नसत, प्रतापधवल राजाने न्यायसभा बांधवली. शंभर काळे खांब, पंचवीस कमानी, आणि घुमट एवढा उंच की बघणाऱ्याची मान अवघडावी!

बांधणारा भिवबा पाथरवट. त्यांच्यात रीत अशी, की डोंगराला विचारल्यावाचून पहिला दगड फोडायचा नाही, आणि तोच दगड शेवटी घुमटाच्या माथ्यावर बसवायचा. पण राजाने मुहूर्ताची घाई केली आणि भिवबाने न विचारताच छिन्नी लावली. डोंगरावरच्या जादूगाराने शाप दिला. घुमट पुरा झाला त्याच दिवशी, घुमटाखाली उभ्या भिवबाचे पाय दगड झाले. दुसऱ्या दिवशी गुडघे, तिसऱ्या दिवशी कंबर.

त्याची लेक सगुणा घाबरीघुबरी होऊन जादूगाराकडे धावली.

"तीन कामं कर," जादूगार म्हणाला. "खाणीच्या तळचं पाणी ओंजळीने आणून डोंगराच्या जखमेवर घाल. बापाची चूक मोठ्याने कबूल कर. आणि उद्या सूर्य मावळायच्या आत पहिला दगड उपट. नाहीतर बाप कायमचा खांब!"

पहिली दोन कामं तिने केली. तिसऱ्यापाशी ती अडली. माथ्याचा दगड काढला की घुमट खाली येणार, आणि खाली तर बाप!

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना ती परांचीवर चढली. तोवर भिवबा गळ्यापर्यंत दगड झाला होता.

"थांब पोरी!" सभेच्या दारातून राजा ओरडला. "सभा कोसळेल!"

सगुणाने वाकून खाली पाहिलं. "आबा, काढू का हो? तुम्ही खाली आहात."

"तू मला विचारतेस तरी," भिवबा कसाबसा म्हणाला. "मी डोंगराला तेवढंही विचारलं नाही. काढ, बाई."

तिने डोळे मिटून पहार घातली. दगड निघाला आणि पाखरासारखा उडत डोंगराकडे गेला. भुरुभुरू धूळ पडली. सगळ्यांनी श्वास रोखले. घुमट मात्र जागचा हलला नाही.

खाली भिवबा खोकला, मग एक पाऊल टाकून मटकन बसला. सगुणा धडाधडा उतरली आणि त्याच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली.

घुमटाला भोक राहिलं, तेही नेमकं सिंहासनावर. पावसाळा आला तशी धार लागली. प्रधान म्हणाला, "बुजवू का, महाराज?"

"नको," राजा म्हणाला. "घाई माझी होती. पाणीही माझ्याच डोक्यावर पडू दे."

आणि तो भिजत न्याय करू लागला. तेव्हापासून त्या राज्यात कुणाचा निवाडा त्याचं म्हणणं ऐकल्यावाचून झाला नाही.